वाळवंटासाठी फोडलेला नारळ

आमच्या धंद्यात तिकिटाच्या आधी फ्लेक्स छापला जातो. केदारनाथला निघालेल्या माणसाला वर जायला घोडा मिळेल की पालखी, हे ठरलेलं नसतं; पण चौकात त्याचा हात जोडलेला फोटो लागलेला असतो आणि खाली शुभेच्छुक म्हणून मेहुण्यापासून पतसंस्थेच्या संचालकापर्यंत सगळ्यांचे चेहरे. वाशीममध्ये यात्रा-सहलींचं ऑफिस मी अर्धं आयुष्य चालवलं. आता ते भाचीच्या हवाली केलं आहे. संपादकांनी गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमती खूप आहेत, पण जी मला सारखी आठवते ती फारशी गमतीची नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सहली काढणारी बाई म्हणजे जग पाहिलेली बाई. मी जग बसच्या दारातून पाहिलं. कोण चढलं, कोण राहिलं, कोणाचे गुडघे, कोणाला लसूण चालत नाही, कोणत्या दोन जावांना शेजारी बसवायचं नाही. रिसोडचे एक अडते रामेश्वरमचा पूल मागे पडेपर्यंत गाढ झोपले. झोपमोड केलेली त्यांना चालत नाही, म्हणून बायकोने कोणाला उठवू दिलं नाही. परत आल्यावर त्यांनी बाजारपेठेत सांगितलं की या बाईने आम्हाला समुद्र दाखवलाच नाही. एक गृहस्थ प्रत्येक तीर्थक्षेत्राची योग्यता तिथल्या नळाच्या पाण्यावरून ठरवत. काशी त्यांच्या लेखी फार खाली होती.

एक गोष्ट मात्र आमच्याकडची, आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. निघायच्या काही दिवस आधी सगळे यात्रेकरू एखाद्या गावच्या मारुतीपुढे जमतात, सगळ्यांच्या नावाने एकच नारळ फोडतात आणि त्याचं खोबरं वाटून खातात. ते खोबरं ज्यांनी खाल्लं, ते एकत्र जातात. कोणाच्या घरी सुतक पडलं तर सगळे थांबतात. मोठ्या शहरांतल्या कंपन्या अशा वेळी एकाचे पैसे कापून बाकीच्यांना घेऊन निघतात. मी तसं केलं असतं तर पुढच्या वर्षी माझ्या ऑफिसात माशीही फिरकली नसती. आणि खरं सांगायचं तर मला तो नियम आवडायचा. या जिल्ह्यात माणसं एकमेकांसाठी थांबतात अशा जागा फार उरलेल्या नाहीत.

इंगोले सर पहिल्यांदा ऑफिसात आले तेव्हा दारातल्या खुर्चीला अडखळले. खुर्ची चांगली लाल रंगाची होती. शेलूबाजारचे राहणारे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, पत्नी वारलेली, मुलगी हैदराबादला. त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "नामिबच्या वाळवंटात जायला काय करावं लागतं?"

मी आधी राजस्थान सुचवलं. आमच्याकडे वाळवंट मागणारा माणूस उंटावर बसलेला फोटो मागत असतो, आणि तो जैसलमेरला स्वस्तात होतो. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांच्या पुस्तकातला परिच्छेद म्हणून दाखवला, वर्गात म्हणतात तसा, एकेक वाक्य सुटं करत. "नामिब हे किनारी वाळवंट आहे. येथे वाऱ्यामुळे वाळूच्या उंच टेकड्या तयार होतात. टेकडीचा वाऱ्याकडील उतार मंद व विरुद्ध बाजूचा उतार तीव्र असतो. वाळूतील लोहामुळे या टेकड्यांना तांबूस रंग येतो."

"सगळी नोकरी हे शिकवलं," ते म्हणाले. "दरवर्षी एखादं पोरगं उठून विचारायचं, सर, तांबूस म्हणजे कसा? विटेसारखा की गेरूसारखा? मी म्हणायचो, तांबूस म्हणजे तांबूस, खाली बस. मला कुठं माहीत होतं?"

मग त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. काचबिंदू. उशिरा कळला. अकोल्याच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते. जे गेलं ते परत येणार नाही, उरलेलं किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. "कडा गेल्या आहेत. मधलं आहे अजून. नळीतून पाहिल्यासारखं," ते म्हणाले. "मधलं आहे तोवर जायचं आहे. हे तुमच्यापुरतं ठेवा. गावात कळलं की लोक मला रस्ता ओलांडून द्यायला लागतील."

एकट्या माणसाची अशी सहल परवडत नाही. तिथे वाळवंटात बस जात नाही, मोठी जीप आणि वाटाड्या घ्यावा लागतो, आणि जीप एकासाठी निघाली काय न् सहा जणांसाठी निघाली काय, खर्च तोच. शिवाय त्या डोळ्यांनी त्यांना परक्या विमानतळावर एकटं सोडणं शक्य नव्हतं. त्यांना सोबत हवी होती, आणि आफ्रिकेला जाईल अशी सोबत वाशीम जिल्ह्यात कुठून आणायची, या विवंचनेत मी असताना इंझोरीचे दिगंबरराव आपल्या पायांनी चालत आले.

दिगंबरराव मोठे जमीनदार. तालुक्यातला त्यांचा प्रतिस्पर्धी दुबईला जाऊन आला होता आणि त्याचा फ्लेक्स इंझोरीच्या फाट्यावर, दिगंबररावांच्याच शेताच्या कुंपणाला, महिनाभर फडफडत होता. "दुबईले तर आता अडत्याचे दिवानजीबी जाऊन येतात, ताई," ते म्हणाले. "मले असं ठिकान सांगा जिथं आपल्या जिल्ह्याचं कोनी गेलंच नाई."

मी नामिबिया म्हटलं. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, फ्लेक्सवर कसं दिसेल याचा अंदाज घेत असावेत. सफारी हा शब्द त्यांना पसंत पडला. सोबत इंगोले सर आहेत हे कळल्यावर मात्र ते खुर्चीत सरळ बसले. ते सरांचे विद्यार्थी. आफ्रिकेचा नकाशा भरताना त्यांनी नाईल नदी समुद्रातून डोंगरात नेली होती, आणि त्याबद्दल खाल्लेल्या छड्या त्यांना पन्नाशी उलटल्यावरही आठवत होत्या.

दिगंबरराव आणि वहिनी, रिसोडचं एक व्यापारी जोडपं, सर आणि मी. सहा जण जमले. आता तारीख. तिकडचा चांगला हंगाम मे ते सप्टेंबर, कारण तो त्यांचा हिवाळा. पण जूनमध्ये आमची पेरणी, पुढे निंदण, फवारण्या, आणि सोयाबीन घरात येऊन विकलं जाईपर्यंत दिवाळी उलटते. त्यानंतर तिकडे असा उन्हाळा की जीपचं टायर वितळावं. आपला उन्हाळा तेव्हा तिकडे थंडी, हे दिगंबररावांना पटेना. सरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवून पृथ्वीचा कल दाखवला. "तुला हे सातवीत शिकवलं होतं," ते म्हणाले. शेवटी तूर-हरभरा निघून गेल्यावर आणि पेरणीच्या आधी, म्हणजे मे महिन्यात जायचं ठरलं.

इंझोरीच्या मारुतीपुढे नारळ फुटला. दिगंबररावांनी बँड सांगितला होता. फ्लेक्सवर सिंह होता, पाच जिराफ होते, आणि मध्ये आम्ही सहा जण, माझा फोटो आधार कार्डावरचा. सिंहाचं तोंड नेमकं सरांच्या खांद्यावर आलं होतं. जिथे चाललो होतो तिथे सिंह दिसत नाहीत हे मी सांगून पाहिलं. ज्याने छापला होता तो म्हणाला, असू द्या, जागा भरते. दिगंबररावांची आई ओसरीवरच्या खाटेवर बसली होती. अंगाने वाळलेली, पण आवाज सगळ्या आळीला पुरेल असा. तिने सरांना जवळ बोलावून खोबऱ्याचा तुकडा स्वतःच्या हाताने भरवला आणि म्हणाली, "मास्तर, माह्या पोराले सांभाळून आना. थो जिथं जाते तिथं हरपते."

सरांची पहिली नेमणूक इंझोरीच्या शाळेत झाली होती. खोली मिळेना, खानावळ नाही. या म्हातारीने, तेव्हा ती तरणी होती, त्यांना वर्षभर आपल्या घरी दोन्ही वेळा जेवू घातलं होतं. हे मला सरांनी परतीच्या जीपमध्ये सांगितलं, आणि हेही की ती भाकरी वाढताना विचारायची नाही, सरळ टाकायची.

व्हिसा आले. तिकिटं आली. निघायला आठवडा राहिला असताना म्हातारी गेली. सकाळी चहा पिऊन आडवी झाली ती उठली नाही.

पुढे काय होणार ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मेची तिकिटं सुतकातच रद्द केली. दिगंबररावांनी तेराव्याला सगळ्यांसमोर सांगितलं की वर्षभर मी कुठं जाणार नाही, वरीस सरल्यावर सगळे मिळून जाऊ. माणसाला मिरवायची हौस आहे म्हणून त्याचं दुःख खोटं असतं असं नाही. टक्कल केलेलं त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच खाली झुकलेलं पाहिलं. रिसोडच्या जोडप्याने लगेच मान डोलावली. सरांनीही डोलावली.

मी त्यांना बाजूला गाठलं. म्हटलं, सर, मी दिगंबररावांशी बोलते. डोळ्यांचं सांगितलं तर ते स्वतःहून म्हणतील, जा.

"म्हणेल. म्हणूनच सांगायचं नाही," सर म्हणाले. "आईच्या वर्षात त्याला असं पेचात टाकायचं? सोबत आला तर जन्मभर मनाला लागेल, नाही आला तरी लागेल."

मग मी म्हटलं, आपण दोघंच जाऊ, जुलैत, कोणाला न सांगता. खर्चाचं मी बघते.

मला वाटलं, मानतात. "त्या बाईच्या हातचं मी वर्षभर जेवलो," ते म्हणाले. "तिच्या वर्षात मी मजा बघायला गेलो, असं लोक म्हणणार नाहीत. मीच म्हणेन." आणि त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की यातलं दिगंबररावांच्या कानावर जाणार नाही.

मी तो शब्द पाळला. आजवर ज्या गोष्टी पाळल्या त्यांत ही बरोबर होती का, याचा निकाल माझ्याच्याने लागत नाही.

त्या वर्षात सर महिन्या-दोन महिन्यांनी ऑफिसात यायचे. तारीख पक्की आहे ना, एवढंच विचारायला. पावसाळ्यात त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं. दसऱ्याच्या सुमारास शेलूबाजारहून येणाऱ्या जीपवाल्याने त्यांना हाताला धरून पायरीपर्यंत आणून सोडलं. लाल खुर्ची मी आधीच दारातून हलवली होती. हलवली आहे हे त्यांना पायाने कळलं, आणि ते त्यांना आवडलं नाही.

मी एरवी गिऱ्हाइकांना फोटो दाखवूनच सहली विकते. सरांनी सुरुवातीपासून फोटो पाहायला नकार दिला होता. फोटोवर भागणार असतं तर शाळेतच भागलं असतं, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीनंतर एकदा मात्र स्वतःच म्हणाले, "दाखवा बरं एखादा." मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेकडी मोठी करून लावली. ते पडद्याला नाक लावून, मान इकडून तिकडे हळूहळू फिरवत राहिले, एखादं भित्तिपत्रक ओळीओळीने वाचावं तसे. मग मागे सरकले.

"हा तुमच्या कॉम्प्युटरचा रंग आहे," ते म्हणाले. मी बंद केला.

वर्षश्राद्ध झालं. मे महिना आला. नवा फ्लेक्स लागला, सिंह तोच. निघायच्या दिवशी सर हातात काठी घेऊन आले, आणि डोळ्यांवर मुलीने पाठवलेला काळा चष्मा. दिगंबरराव चरकले. सर म्हणाले, वय झालं, जरा कमी दिसतं. सगळ्यांनी ते मानलं, कारण न मानून करायचं काय हे कोणालाच सुचत नव्हतं. मला माहीत होतं. होळीनंतर मधलंही गेलं होतं. उरला होता तो एका डोळ्याच्या कोपऱ्यातला उजेड. खिडकी कुठे आहे एवढं सांगणारा.

"मग येताय कशाला?" असं मी त्यांना शेवटच्या भेटीत विचारलं होतं. मी गोड बोलणारी बाई नाही.

"नारळ खाल्लाय," ते म्हणाले. "मी नाही आलो तर तुम्ही पाच जणही राहाल."

प्रवासाचं फार सांगत नाही. विंडहुक, त्यांची राजधानी, स्वच्छ आणि रिकामं शहर आहे. दिगंबररावांनी विचारलं, इथले लोक कुठं गेले. रस्ते खडीचे, सरळ, क्षितिजात घुसणारे. मधूनच लांब सरळ शिंगांची हरणं उभी. वहिनींनी ठेचा आणि धपाटे इतके आणले होते की वाटाड्याही तिसऱ्या दिवशी ठेचा मागायला लागला. मुक्कामाच्या ठिकाणी तूरडाळ देऊन मी स्वयंपाक्याला हातवाऱ्यांनी वरण समजावलं. त्याने ती उकडून, गार करून, काकडीच्या कापांवर पसरून आणली. या सगळ्यावर आम्ही हसलो. सरही हसले. कोण काय बघून हसतंय ते त्यांना दर वेळी कोणीतरी सांगत होतं, आणि त्यांचं हसू आमच्या मागून यायचं.

टेकड्यांपाशी आम्ही सूर्य उगवल्यावर पोहोचलो. मी वर्णन करणार नाही. मला ते तिथेही जमलं नाही. एका बाजूला ऊन, एका बाजूला सावली, आणि मधली कड सुरीने कापल्यासारखी. जीप थांबली. दिगंबररावांनी मोबाइल काढला आणि तसाच हातात धरून ठेवला.

सरांना मी पायथ्याशी नेलं. ते खाली बसले, दोन्ही बाजूंना हात लांबवून उतार चाचपले, मूठभर वाळू घेऊन बोटांतून सोडली. मग म्हणाले, "सांगा. तांबूस आहे?"

मी वाचणारी बाई आहे. घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. मी म्हटलं, गेरूसारखा. मग म्हटलं, नाही, वरती विटेसारखा. सावलीत जांभळ्याकडे जातोय. आणि बोलेपर्यंत ऊन वर आलं की सगळं पुन्हा बदलायचं. सर तोंड माझ्याकडे करून ऐकत होते, तोंडी परीक्षेत पोरगं चुकत चाललंय आणि त्याला थांबवावं का, अशा चेहऱ्याने.

दिगंबरराव जवळ येऊन उकिडवे बसले. त्यांना घरचं खळं आठवलं असावं. "सर, आपल्या खयावर मिरची वाळू घालते ना, तसं. आख्खं खयंच्या खयं."

"ओली का वाळलेली?" सरांनी विचारलं.

दिगंबररावांनी टेकडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आता नाई सांगता येत, सर," ते म्हणाले.

सरांनी मान हलवली. "असू दे," म्हणाले. "खाली बस."

थोड्या वेळाने दिगंबररावांनी मला जीपच्या आडोशाला बोलावलं. त्यांनी वाटेत हिशेब लावला असावा. "सरले कवापासून दिसत नाई?" मी होळीपासून म्हटलं. "म्हंजे मागच्या मे महिन्यात दिसे." ते माझ्याकडे वळले. "तुमाले मालूम होतं, ताई?"

मी हो म्हटलं.

"मंग काहून नाई सांगतलं?"

सरांनी शब्द घेतला होता, म्हातारीच्या उपकाराचं होतं, हे मी सांगितलं. ते ऐकत होते, पण टेकडीच्या पायथ्याशी बसलेल्या त्या काळ्या चष्म्याकडे पाहत.

"मायनं तं तिरडीवरून उठून सांगतलं असतं," ते म्हणाले, "का जाय बापा, मास्तरले घेऊन जाय."

ते खरं होतं. ती बाई विचारत नव्हती, सरळ वाढायची. आम्ही सगळ्यांनी तिचं वर्ष पाळलं, आणि तिला काय वाटलं असतं हा प्रश्न तेवढा कोणाला पडला नाही.

परत आल्यावर इंझोरीत सत्कार होता. मी दिगंबररावांना वाटलं तर रद्द करा म्हटलं होतं. पण मंडप, बँड, शाल-श्रीफळ सगळं त्यांच्या पुतण्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि अशा गोष्टी एकदा ठरल्या की त्या कोणाच्या ताब्यात राहत नाहीत. दिगंबररावांनी भाषण केलं नाही. माइक हातात आलेला असताना त्यांनी तो पुढे दिला, हे गावाने प्रथमच पाहिलं. सूत्रसंचालक शाळेतला तरुण मास्तर होता, उत्साही. तो म्हणाला, आदरणीय इंगोले सरांनी आयुष्यभर जे पुस्तकातून शिकवलं ते आज प्रत्यक्ष पाहून त्यांच्या डोळ्यांचं पारणं फिटलं; त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्याच तोंडून ऐकू या.

मी मागच्या रांगेत होते. दिगंबररावांनी सरांना हाताला धरून उभं केलं, माइक त्यांच्या मुठीत दिला आणि खाली न बसता बाजूलाच उभे राहिले. पहिल्या ओळीत शाळेची मुलं होती.

सरांनी घसा साफ केला आणि वर्गात म्हणतात तसं, एकेक वाक्य सुटं करत, सांगितलं. नामिब हे किनारी वाळवंट आहे. येथे वाऱ्यामुळे वाळूच्या उंच टेकड्या तयार होतात. टेकडीचा वाऱ्याकडील उतार मंद व विरुद्ध बाजूचा उतार तीव्र असतो. वाळूतील लोहामुळे या टेकड्यांना तांबूस रंग येतो.

इथे ते थांबले. पुढे काहीतरी येईल म्हणून मंडपही थांबला. दिगंबररावांनी मान खाली घातली. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनी वाजवली.